एकोणतिसावा

१६ एप्रिल १९८४, सोमवार

होडी बुडाली. कालची साडेपाचची, जत्रेहून परतणारी.

शाळेत गेल्यावर कळलं. आठवीच्या वर्गात पेपर वाटत होते. शिपाई दारात आला आणि हळूच म्हणाला, "बाई, काल तुम्ही पण जत्रेला गेला होतात ना?" मग सांगितलंन. पुढचा अर्धा तास मी काय केलं ते आठवत नाही. एका मुलीने "बाई, मला पेपरच नाही दिलात" म्हटलं तेव्हा भान आलं.

मी त्याच होडीने येणार होते. पलीकडच्या धक्क्यावर उभी होते. माणसं चढतच होती, म्हणून म्हटलं पुढच्या फेरीला जाऊ. तेवढ्यात उजेड फार छान पडला – उतरतं ऊन पाण्यावर आपटून खालून तोंडांवर येत होतं. कॅमेरा काढला. तीन फोटो. पहिला, माणसं चढत असताना. दुसरा, होडी सुटली तेव्हा – सगळ्यांची तोंडं धक्क्याकडे, कोणी हात हलवतंय. तिसरा, होडी वळल्यावर, नुसत्या पाठी. मग वर रस्त्याला एस.टी. लागलेली दिसली. तिने लांबचा वळसा घालून घरी आले. चहा केला. मी चहा पीत होते तेव्हा ते पाण्यात होते.

पुनवेची ओहोटी. वळणापलीकडे, खाडी समुद्राला मिळते तिथे, होडी आडवी झाली म्हणे.

होडीचा काठ पाण्याच्या वर जेमतेम वीतभर होता. मला दिसत होतं. दिसत होतं म्हणून तर फोटो घ्यावासा वाटला. "अहो, थांबा, चार माणसं उतरवा" – एवढं म्हणायला काय झालं होतं? डोळ्याला कॅमेरा होता, दुसरं काही नाही.

१७ एप्रिल, मंगळवार

चौदा वाचले, होडीवाला धाकू धरून. बारा गेले – सापडले. एक नवरा-बायको अजून सापडलेली नाहीत. किती माणसं बसली होती, ते धाकूला सांगता येत नाही. मोजली नव्हती म्हणतो.

संध्याकाळी बाजारपेठेत महिपत स्टुडिओवाला भेटला. त्याला कुठून तरी कळलंय. "बाई, रोल मला द्या. तासाभरात धुऊन देतो." मी नाही म्हटलं. महिपत फिल्म धुण्याचा डबा हातात घेऊन गिऱ्हाइकाशी गप्पा मारत हलवतो. मागे एकदा त्याच्याकडे दिलेल्या रोलवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरखडा आला होता. म्हटलं, माझं मी करते.

पण माझा तरी कुठे भरवसा? श्यामदादा बडोद्याला गेला तेव्हा त्याचा डबा, बाटल्या, एन्लार्जर, सगळं मला देऊन गेला. तेव्हापासून चार वर्षं मी धुतेय. मागचा रोल गॅदरिंगचा. डबा मी जोरजोरात हलवला, तर फिल्मच्या कडेच्या भोकांतून डेव्हलपर, चित्र उमटवणारं औषध, उसळला आणि आत पट्टे उमटले. मोठ्या बाईंच्या कपाळावर कोणी भस्माची बोटं ओढल्यासारखे. सगळ्या हसल्या. दादा सांगत असे – "पद्मे, ताक घुसळत नाहीयेस तू. डबा उलटा कर, सुलटा कर, ठेव. पाण्याला त्याचं त्याचं फिरू दे."

१८ एप्रिल, बुधवार

रोल कॅमेऱ्यातच आहे. कपाटाला कुलूप लावलं. का, कुणास ठाऊक. कोण चोरणार आहे.

१९ एप्रिल, गुरुवार

दुपारी शाळेतून आले तर पायरीवर दोघी बसलेल्या. एक पन्नाशीची, एक अगदी पोर, वीस-एकवीसची. म्हातारीने उठून विचारलं, "बाय, तूच ना ती धक्क्यावर फोटो काढणारी?"

सोनूबाई तिचं नाव. देवरूखच्या वाटेवर वर डोंगरात त्यांची वाडी. बरोबरची मालन, तिची सून.

पाणी दिलं. प्यायली नाही. म्हणाली, "माजा शिवा त्या होडीत व्हता की नव्हता, येवढाच सांग."

हळूहळू कळलं ते असं. शिवा चोवीस वर्षांचा. मुंबईला गिरणीत होता, संप झाला तसा घरी आला. लग्न झालं. त्याला पुन्हा मुंबईला जायचं होतं, बाप म्हणत होता भात कोण लावणार. रविवारी सकाळी दोघांची बोलाचाली झाली. बापाने, भागोजीने, सुनेच्या देखत पोराच्या तोंडात मारली. शिवा अंगावरच्या कपड्यांनिशी निघून गेला. "पांढरा सदरा घातला व्हतान. जत्रंला जातो बोलला न्हाय, मंबयला जातो बोलला न्हाय. काय सांगलानच न्हाय." मुंबईच्या खोलीवर तार केली. उत्तर आलं, इथे आलेला नाही.

वाचलेल्यांपैकी कोणी त्याला ओळखत नाही. ती माणसं वेगळ्या गावांची.

"मढा गावला असता तर रडलू असतू. आता रडू तर कशी रडू? लोक म्हनतात सुनेचा कुकू पुस. मी बोललू, हात लावाल तर बगा."

मालन अंगणात फणसाखाली उभी होती. घरात आलीच नाही. कपाळावर कुंकू ठसठशीत, मुद्दाम मोठं लावल्यासारखं.

मी म्हटलं, उद्या शाळेला सुट्टी आहे, उद्या धुते. परवा या.

"परवा कशाला? उद्याच येतू."

२० एप्रिल, शुक्रवार

सगळं जसं झालं तसं लिहून ठेवते.

सकाळी बंदरावरच्या कारखान्यातून बर्फ आणला. नळाचं पाणी एकतीस डिग्री होतं. इतक्या गरम पाण्यात फिल्म पटापट धुतली जाते आणि मग हलवण्यात जराशी चूक झाली तरी डाग. बर्फाला बांगड्याचा वास. डेव्हलपरची बाटली बर्फाच्या बादलीत ठेवली, वीस डिग्रीवर आणली. आठ मिनिटं लागणार.

न्हाणीच्या खिडकीला गोधडी लावून अंधार केला, फिल्म चकरीत भरली. दोनदा अडकली. डब्याचं झाकण लावलं की मग उजेड चालतो. बाहेर आले तर सोनूबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलेली. एकटीच. कधी आली कळलंच नाही.

डेव्हलपर ओतला. घड्याळ लावलं. पहिलं अर्धं मिनिट सारखं हलवायचं. मनात एकच – पट्टे नकोत. गॅदरिंगसारखे पट्टे आले तर तोंडं जातील. म्हणून अगदी हळू. उलटा, सुलटा. उलटा, सुलटा.

अर्धं मिनिट झाल्यावर डबा ओट्यावर दोनदा ठणकन आपटायचा असतो. आत फिल्मला हवेचे बुडबुडे चिकटलेले असतात, ते आपटल्यावर सुटतात. दर वेळी करते. न विचार करता करते.

तेवढ्यात सोनूबाईने डब्याकडे बोट दाखवून विचारलं, "ह्याच्यात हाय तो?"

मी म्हटलं, "असेल तर यात आहे."

तिने दोन्ही हात जोडले. डब्याला.

आणि मी डबा हलकेच खाली ठेवला. निजलेलं मूल ठेवावं तसा. तिच्यासमोर तो आपटवेना.

आत्ता लिहिताना लक्षात आलं. तेव्हा वाटलं, बरोबर चाललंय. दर मिनिटाला उलटा, सुलटा, हलकेच ठेव. आठ मिनिटं. मग हायपो, चित्र पक्कं करायला. मग धुणं. फिल्म बाहेर काढली, उजेडाकडे धरली. पट्टे नाहीत. इतकी स्वच्छ फिल्म माझ्या हातून कधी झाली नव्हती. सोनूबाईला म्हटलं, "आली." ती म्हणाली, "आला?"

ओली फिल्म तिला काय दाखवणार? काळं पांढरं, पांढरं काळं. म्हटलं, वाळल्यावर मोठा फोटो काढते. रविवारी सगळे या. तिला एस.टी.पर्यंत पोचवून आले.

आपटला नाही. चालेल का? चालेल. बुडबुडे दर वेळी धरतातच असं नाही.

२१ एप्रिल, शनिवार

धरले.

सगळ्या रोलवर मिळून सात. जत्रेतल्या फोटोंत चार – आकाशात एक, कुणाच्या पाठीवर एक, त्यांचं काही नाही. होडीच्या पहिल्या फोटोत एक, पाण्यावर. तिसऱ्यात एक.

आणि दुसऱ्यात एक. त्याच एका फोटोत सगळी तोंडं दिसतात. होडीच्या नाळेकडे, पुढच्या टोकाला, पांढऱ्या शर्टातला एक माणूस उभा आहे. एक हात दोरीला. मान, खांदे, शर्टाचा खिसा, दोरी धरलेली बोटं – सगळं स्पष्ट. तोंडाच्या जागी काळा गोल ठिपका. मोजून तेवढाच.

पहिल्या फोटोत तो अजून चढलेलाच नाही. तिसऱ्यात पाठ.

दुसऱ्याच्या पाच प्रिंट काढल्या. कमी उजेड दिला, जास्त दिला. ठिपका काळाच.

२२ एप्रिल, रविवार

तिघं आली. भागोजी पहिल्यांदाच पाहिला. उंच, वाळका, डोक्याला मुंडासं. बोलत नाही. खुर्चीवर बस म्हटलं तर जमिनीवर बसला.

आधी सांगून टाकलं. हा डाग फिल्मचा नाही, कॅमेऱ्याचा नाही. डब्यात बुडबुडा राहिला, माझ्या हातून झालाय. सोनूबाई म्हणाली, "तुजा दोष कसला बाय, बुडबुडा तो."

मग मोजलं. वाचलेल्यांपैकी एक, यमुनाबाई म्हणून आहेत, भाजी विकतात. त्यांना मी सकाळीच बोलावून ठेवलं होतं. त्यांनी एकेका तोंडावर बोट ठेवून सांगितलं – ही मी, हा आमचा जावई, ही गेली, हा गेला, ही दोघं नवरा-बायको अजून मिळाली नाहीत ती. धाकू धरून एकोणतीस डोकी. अठ्ठावीसांची नावं लागली. उरला एक, पांढऱ्या शर्टातला. यमुनाबाईंना तो आठवतो. "नाळेवर उभा होता खरा. कुठला कोण, विचारलं नाही. बस रे खाली म्हटलं, तर नुसता हसला."

सोनूबाईने प्रिंट हातात घेतली. ठिपक्यावर अंगठा फिरवला, पुसून निघतोय का बघायला. मग म्हणाली, "ह्यो न्हाय. शिवा असा उभा ऱ्हात न्हाय."

भागोजी पहिल्यांदा बोलला. "त्योच हाय."

"तोंड कुटं हाय त्येला?"

"तोंड कशाला होया? मला ठावं हाय तो उभा कसा ऱ्हातो. त्या दिशीबी तसाच उभा व्हता. मी मारल्यावर." आणि प्रिंट पालथी ठेवून दिलीन.

मी मालनकडे बघितलं. म्हटलं, "तू बघ ना. तुला ओळखू येईल." तिने बराच वेळ बघितलं. मग जमिनीकडे बघत म्हणाली, "मी काय सांगू. त्येंच्याकडं अजून नीट बगूनबी झाला नव्हता."

सहा महिने लग्नाला.

मी म्हटलं, यावरून काही ठरवू नका. पांढरे शर्ट शंभर असतात. भागोजीने विचारलं, "मग दुसरा कोन? सांग ना. अठ्ठावीस मिळालं. ह्यो कोन?"



२४ एप्रिल, मंगळवार

फौजदार येऊन प्रिंट घेऊन गेले. भागोजीने जबाब दिलाय – एकोणतिसावा आपला मुलगा. फौजदार म्हणाले, "बरं झालं बाई तुमच्या फोटोमुळे. यादी पुरी झाली."

मी म्हटलं, "पण तोंड नाही ना त्यात."

"बाप सांगतोय म्हटल्यावर आणखी काय हवं?"

२५ एप्रिल, बुधवार

दादाला पत्र टाकलं. डाग कसा काढायचा, काही औषध आहे का, पुन्हा डेव्हलपरमध्ये घातली तर येईल का. नाव-गाव काही लिहिलं नाही. एक महत्त्वाचा फोटो आहे, एवढंच.

२९ एप्रिल, रविवार

काल त्यांनी विधी केले. गवताचा पुतळा करून जाळला. भावकीने ठरवलं, भागोजी पुढे झाला. सोनूबाई घरात बसून राहिली म्हणे, बाहेर आलीच नाही. मालनच्या बांगड्या जावांनी फोडल्या.

हे मला यमुनाबाईंनी भाजी देता देता सांगितलं. त्यांची मावसबहीण त्या वाडीत दिलेली आहे. "तुमच्या फोटोने सुटलं बाई त्यांचं. नाहीतर जन्मभर लटकत राहिली असती बिचारी."

भाजी न घेताच परत आले.

१ मे, मंगळवार

निकाल लागले. शाळा संपली. आता महिनाभर दुसरं काही काम नाही, हाच एक विचार करायला मोकळी.

३ मे, गुरुवार

दादाचं पत्र. त्याच्या नेहमीच्या बारीक अक्षरात.

"डाग निघणार नाही. नीट समजून घे. उजेड फिल्मवर पडला होता, म्हणजे चित्र तिथे उमटलेलं होतं, फक्त दिसत नव्हतं. डेव्हलपर लागला असता तर दिसलं असतं. बुडबुड्यामुळे तिथे लागला नाही. आणि जिथे डेव्हलपर लागत नाही ते हायपो धुऊन नेतो. आता तिथे काचेसारखी कोरी फिल्म आहे. तू सुरुवातीला डबा आपटला नाहीस का? किती वेळा सांगितलं होतं."

म्हणजे तोंड होतं. रविवारी साडेपाचपासून शुक्रवारी दुपारपर्यंत, पाच दिवस, माझ्याकडे होतं, शेवटी तर कपाटात कुलपाखाली. सोनूबाईने हात जोडले तेव्हाही डब्यात होतं. मग मी हायपो ओतला.

५ मे, शनिवार

काचेची लोणच्याची बरणी घेतली, चकरीत वाया गेलेली फिल्म भरली आणि बरणीत पाणी ओतलं. उजेडात. डब्याच्या आत काय होतं ते मला बघायचं होतं.

बुडबुडे दिसतात. मोहरीएवढे. फिल्मला धरून बसतात. बरणी हळू उलटी केली, सुलटी केली – काही गेले, काही राहिले. वीस वेळा केली. जे धरून बसतात ते बसतातच. पाणी त्यांच्या बाजूने फिरून जातं.

मग बरणीला बोटाने टिचकी मारली. एक. सगळे सुटून वर आले.

पुन्हा भरली, पुन्हा केलं. संध्याकाळपर्यंत तेच करत होते. जेवण करायचं राहिलं. जोरात हलवलं की बुडबुडे जातात पण पाणी भोकांतून उसळतं, पट्टे येणार. हळू हलवलं की पट्टे नाहीत, बुडबुडे राहतात. हळू हलवून टिचकी – दोन्ही नाही. इतकं सोपं आहे. आठवीच्या मुलीला सांगितलं तर तिला जमेल.

९ मे, बुधवार

महिपत घरी आला. हातात मोठी चौकट, कागदात गुंडाळलेली. "बघा तरी."

उघडून बघितलं तर माझाच फोटो. मी भागोजीला दिलेली प्रिंट. त्यातून पांढऱ्या शर्टातला माणूस एकटा काढून मोठा केलाय, मागची माणसं पुसून नुसतं पाणी ठेवलंय, आणि ठिपक्याच्या जागी तोंड. तोंड महिपतने रंगवलंय. लग्नातल्या फोटोवरून.

"भागोजीच म्हणाला, भिंतीला लावायला पाहिजे. बिनतोंडाचा कसा लावणार? कसं झालंय काम?"

काम चांगलं झालंय. हात आहे महिपतला. शिवा कसा दिसतो ते मला असं कळलं. रुंद कपाळ, किंचित पुढे आलेला खालचा ओठ. मानेवर नीट बसलाय.

मी म्हटलं, "महिपत, हे खोटं आहे."

तो दुखावला. "बाई, त्यांना डोळ्यांपुढे काहीतरी हवं. तुम्ही ठिपका दिलात, मी तोंड दिलं."



१४ मे, सोमवार

शेवटी गेले त्यांच्याकडे. एस.टी.ने देवरूखच्या अलीकडे उतरून तासभर चढ. कातळावर ऊन मी म्हणत होतं. का गेले? माफी मागायला, असं घरातून निघताना ठरवलं होतं.

भिंतीवर तो फोटो. हार. खाली समई.

भागोजी बाहेर कवळं, शेत भाजायच्या डहाळ्या, तोडत होता. मला बघून मान हलवलीन, काम थांबवलं नाही. पहिल्यापेक्षा बरा दिसला. चेहऱ्यावरचं काहीतरी उतरलंय. आपल्या पोराला मारलं, तो मेला, त्याची क्रिया केली – त्याच्यापुरतं पुरं झालंय.

सोनूबाईने गूळपाणी दिलं. मी फोटोकडे बघत होते ते तिने पाहिलं. "तोंड लावल्यापासून त्योच वाटतो बाय. आदी वाटत नव्हता. आता रोज बगून बगून त्योच झालाय." मग आवाज खाली करून म्हणाली, "तरी भाकरी एक जास्तीच थापते मी. ह्येना कळू देत न्हाय."

मालन मागीलदारी भांडी घासत होती. कपाळ मोकळं. हात मोकळे. तिच्यापाशी जाऊन बसले. एक पातेलं घेऊन विसळायला लागले. तीच म्हणाली, "तुमी फोटो काडला तवा तो हसत व्हता?"

यमुनाबाईंचं आठवलं – नुसता हसला. म्हटलं, "हो. हसत होता."

"मग ते नसतील," मालन म्हणाली. "ते हसत न्हायत." आणि भांडी घासायला लागली.

मी तिथेच उठून सांगायला हवं होतं का? सगळ्यांसमोर? भागोजी म्हणाला असता, मग दुसरा कोण. फौजदाराची यादी पुरी झालीय. बांगड्या फुटल्यायत. एका हसण्यावरून मी काय उभं करणार, तेही मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं. मला स्वतःला त्या माणसाचं काहीच आठवत नाही. लेन्समधून मी पाण्यावरचा उजेड बघत होते.

माफी मागायचीही राहिली. 

१५ मे, मंगळवार

आज महिना झाला. बाहेर पडले नाही.

२० मे, रविवार

ती दोघं, नवरा-बायको, सापडली. मालगुंडच्या बाजूला, किनाऱ्यावर. एकत्रच होती म्हणे. आता फक्त शिवाच राहिलाय, सगळे म्हणतात. समुद्राने दिला नाही.

२६ मे, शनिवार

नवा रोल घालून बागेतले काही फोटो काढले, फक्त धुण्यासाठी. बर्फ आणला. वीस डिग्री. हळू उलटा, सुलटा. अर्धं मिनिट झाल्यावर डबा ओट्यावर आपटला, एकदा, दोनदा. आवाज ऐकला आणि खाली बसले. उरलेली सात मिनिटं उठताच आलं नाही. डबा तसाच राहिला.

रोल फुकट गेला. बरं झालं.

७ जून, गुरुवार

शिवा आला.

परवा संध्याकाळी. रुसून गेला तो मंडणगडकडच्या एका मित्राबरोबर कारवारला ट्रॉलरवर चढला होता. जत्रेला गेलाच नव्हता. आता मासेमारी बंद झाली, ट्रॉलर वर ओढले, तसा घरी परतला. त्याला बघून भागोजी ओटीवर तसाच बसून राहिला, नुसते गुडघे दाबत होता. विधींचं काय ते भटजींना विचारायचंय. मालनला देवरूखला नेऊन हिरव्या बांगड्या भरल्या. हे सगळं सोनूबाईने स्वतः येऊन सांगितलं. हसत होती, रडत होती, माझे हात सोडत नव्हती. जाताना पिशवीतून ती चौकट काढून माझ्यापुढे ठेवलीन. "ह्यो आमचा न्हाय बाय. तुजा तू ठेव."

ती गेल्यावर काच काढली. महिपतचा रंग ओल्या कापसाने पुसला, हळूहळू. खालचा ठिपका वर आला.

त्रेपन्न दिवस झाले. पांढऱ्या शर्टातल्या माणसाची चौकशी करायला अजून कोणी आलेलं नाही.